सोरायसिस आणि बीपी: फिरत्या मेसेजमधले दावे तपासून पाहू

सोरायसिसच्या रुग्णांमध्ये आणि त्यांच्या घरच्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतो. शब्द बदलतात, मजकूर तोच: "सोरायसिस हा निव्वळ कातडीचा रोग. बीपीशी त्याचा संबंध नाही, वाढलं तर ते टेन्शनचं. उलट बीपीच्या गोळ्यांनीच सोरायसिस होतो. त्या बंद करा, रक्तशुद्धीचा काढा घ्या, दोन्ही जाईल." यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि तीच सगळ्यात घातक आहे. तिच्याकडे येतोच.

'निव्वळ कातडीचा रोग.' खपल्या कातडीवर दिसतात, पण बिघाड रोगप्रतिकारशक्तीत असतो. टीएनएफ-अल्फा, आयएल-१७ अशी दाह वाढवणारी प्रथिनं रक्तातून सगळीकडे पोचतात. कित्येकांचे सांधे धरतात ते त्यामुळेच. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही या दाहाची झळ बसते आणि वाहिन्या हव्या तशा सैल पडत नाहीत. २०१४ च्या एका प्रयोगात उंदरांच्या कातडीत आयएल-१७ जादा तयार होईल अशी व्यवस्था केली होती. त्या उंदरांच्या रक्तवाहिन्या बिघडल्या आणि रक्तदाबही वाढला.

माणसांचं काय? २०१३ साली २४ अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. सोरायसिस नसलेल्यांच्या तुलनेत रुग्णांमध्ये उच्च रक्तदाबाचं शक्यता-गुणोत्तर १.५८ निघालं (१ म्हणजे फरक नाही, १ हून जास्त म्हणजे रुग्णांमध्ये बीपी अधिक आढळतं). सौम्य आणि तीव्र आजार वेगळे मोजणाऱ्या अभ्यासांत ते सौम्य आजारात १.३० आणि तीव्र आजारात १.४९ होतं. यातला काही भाग वजन, तंबाखू आणि दारू यांचा आहे, हे मान्य करायलाच हवं. म्हणून 'सोरायसिसमुळेच बीपी होतं' असं मी म्हणणार नाही. पण 'संबंध नाही' हे सरळ चूक आहे.

टेन्शनचा मुद्दा लवकर संपतो. आजाराचा मानसिक त्रास खरा आहे आणि तो कमी लेखू नये. मात्र बीपी टेन्शनचं म्हणून मोजायचंच नाही, याला काही आधार नाही. ब्रिटनमधल्या २०१५ च्या एका अभ्यासात, ज्यांचं बीपी आधीच निदान झालेलं होतं अशांमध्ये, सोरायसिस जितका जास्त पसरलेला तितकं बीपी आटोक्याबाहेर असण्याचं प्रमाण जास्त दिसलं. बोटांसकट आपला तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. असे दहाहून जास्त तळहात भरतील एवढा आजार असेल, तर बीपी अधूनमधून तपासून घ्याच.

आता ती अर्धी खरी गोष्ट. मेटोप्रोलोल, अटेनोलोल, प्रोप्रानोलोल अशा बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी काहींचा सोरायसिस सुरू होतो किंवा वाढतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना ठाऊक आहे. पण बीपीच्या सगळ्या गोळ्या या गटातल्या नसतात आणि बहुतेक रुग्णांचा सोरायसिस गोळीमुळे झालेला नसतो. मुख्य धोका पुढेच आहे: बीटा-ब्लॉकर एकदम सोडला तर नाडी आणि बीपी उसळतं, आणि हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. तेव्हा गोळीचं नाव घेऊन डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा, "मला सोरायसिस आहे, दुसऱ्या गटातली गोळी चालेल का?" हा प्रश्न विचारायला कचरू नका. बहुतेक वेळा पर्याय असतो, पण कधी हृदयासाठी तीच गोळी ठेवावी लागते.

गंमत अशी, की मेसेज ज्या औषधांबद्दल बोलायला हवा त्यांच्याबद्दल गप्प आहे. तीव्र सोरायसिसवर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन बीपी वाढवतं, म्हणून ते चालू असताना बीपी आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या चुकवायच्या नसतात. सांधेदुखीसाठी दुकानातून स्वतःच आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनीही ते चढू शकतं.

आणि काढा. कातडीच्या आणि रक्तशुद्धीच्या अनेक काढ्यांत ज्येष्ठमध असतं. ते रोज, भरपूर आणि बरेच दिवस पोटात गेलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि बीपी चढतं. म्हणजे बीपीची गोळी बंद करून बीपी वाढवणारा काढा सुरू, असा हा सल्ला ठरू शकतो. बिनलेबलच्या पुड्यांत तर कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. त्याने आठवड्याभरात कातडी छान दिसते, बीपी आणि साखर वाढते, आणि पुडी थांबली की सोरायसिस पूर्वीपेक्षा जोरात, क्वचित अंगभर पू भरलेल्या फोडांसह, उलटतो. अशी पुडी आधीच सुरू असेल तर ती एकदम थांबवू नका; उरलेली पुडी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि बीपी त्याच भेटीत मोजून घ्या.