काळं चिलखत करडं का दिसतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वॉरहॅमरच्या मिनिएचर्सचं (छोट्या युद्ध-मूर्तींचं) काळं चिलखत कसं रंगवावं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: “काळं म्हणजे काळं. काळा स्प्रे मारा, वरून राखाडी ड्रायब्रश करा, विषय संपला. तुमच्या पद्धतीने चिलखत काळं राहत नाही, करडं होतं. नुसतं वाचून लिहिणाऱ्यांचं असंच होतं.” पुढे कॉन्ट्रास्ट रंग (एकाच हातात खाचांत गडद आणि उंचवट्यांवर फिकट बसणारे पातळ रंग) आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र) यांना लेखात जागा का नाही, असंही विचारलंय.

आधी शेवटच्या वाक्याबद्दल. पद्धत चुकीची आहे असं म्हणणं वेगळं आणि लिहिणाऱ्याने ब्रश हातात धरलाच नाही असं म्हणणं वेगळं. पहिल्याला उत्तर देता येतं, दुसरा नुसता शेरा आहे. ब्लॅक टेम्प्लर्स, रेव्हन गार्ड, डेथवॉच अशा वॉरहॅमरमधल्या फौजांची काळी चिलखतंच मी वर्षानुवर्षं रंगवत आलोय. लेखातली प्रमाणं पॅलेटवर ठरलेली आहेत, कुठून उचललेली नाहीत. त्यातलं कुठलं पटलं नाही ते तुम्ही सांगितलं असतंत तर बोलण्यासारखं काही उरलं असतं. तुम्ही प्रमाणांना हातही न लावता माणूसच निकालात काढलात. ही चर्चेची रीत नव्हे.

ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश वरवर घासणं, वेगवान आहे हे मान्य. मोठी फौज लवकर टेबलावर उतरवायची असेल आणि ती हातभर अंतरावरूनच बघायची असेल, तर तो पुरतो. साखळीचं चिलखत, केसाळ कातडी, मिनिएचरच्या पायथ्यावरचे दगड इथे तर तोच हवा. गुळगुळीत पत्र्यावर मात्र नाही. ड्रायब्रशचा रंग जवळजवळ कोरडा असतो आणि तो उंचवट्यांना धरतो. खांद्याच्या गोल पत्र्यावर धरायला उंचवटाच नसतो, मग तो प्रायमरच्या (रंगाआधीच्या पहिल्या थराच्या) खरखरीला धरतो आणि फळ्यावर खडू पुसल्यासारखा धुरकट थर बसतो. म्हणजे तुम्ही सुचवलेल्या पद्धतीनेच चिलखत करडं होतं.

आता “करडं होतं” या मुख्य आरोपाकडे येतो. बेसला, म्हणजे खालच्या मूळ रंगाला, सिटाडेलच्या अबॅडॉन ब्लॅक या पूर्ण काळ्याऐवजी कॉर्वस ब्लॅक सांगितला, यावर तुमचा रोख दिसतो. कॉर्वस ब्लॅक अगदी किंचित उजळ आहे आणि तो तसा आहे म्हणूनच घ्यायचा. संपूर्ण काळ्याच्या खाली आणखी काळं काही नसतं. त्याच्यावर नल्न ऑइल (खाचांत उतरणारा पातळ काळा रंग) फिरवलं तरी सांधा गडद होत नाही, फार तर डाग आणि चकाकी मिळते. कॉर्वस ब्लॅकवर तेच नल्न ऑइल फक्त सांध्यांतून आणि पत्र्यांच्या जोडांतून ओढलं की सावली खरोखर दिसते आणि तिच्या शेजारचा पत्रा पुढे येतो. दुसरं कारण दुरुस्तीचं. कडेची रेघ कधी ना कधी जाड होतेच, आणि तिला बेसच्या रंगाने आतून कापत आणावं लागतं. बेस ब्रशने दिलेला असेल तर तोच रंग डबीत हजर असतो. नुसत्या स्प्रेवर काम केलं तर डबीतल्या काळ्याची चकाकी स्प्रेच्या काळ्याशी क्वचितच जुळते, आणि प्रत्येक दुरुस्ती ठिगळासारखी वर दिसते.

पण चिलखत करडं दिसण्याचं खरं कारण बेसमध्ये नाहीच. ते कडांवर उजेड दाखवायला ओढलेल्या उजळ पट्टीच्या रुंदीत आहे, आणि तुमच्या पूर्ण प्रतिक्रियेत रुंदीबद्दल एक शब्द नाही. कडक, गुळगुळीत काळी वस्तू प्रकाश आरशासारखा एका दिशेने परत पाठवते, म्हणून तिच्यावरचा उजेड अरुंद, ठळक आणि एकदम तुटणारा असतो. कापड प्रकाश पसरवतं, म्हणून त्याच्यावरचा उजेड रुंद आणि मंद. पत्र्यावर मध्यम राखाडीची रुंद पट्टी ओढली की डोळा त्याला करडं कापड समजतो, मग खाली कितीही काळा बेस असो. उलट अगदी फिक्या राखाडीची केसाएवढी रेघ शेजारचा पत्रा जास्त काळा करून दाखवते.

म्हणून लेखातला क्रम तसा आहे. पहिला थर ईशिन ग्रे (गडद राखाडी), सगळ्या कडांवर, जेमतेम अर्धा मिलिमीटर. दुसरा डॉनस्टोन (मध्यम राखाडी), फक्त वर तोंड असलेल्या कडांवर आणि पहिल्या रेघेच्या निम्म्या जाडीचा, म्हणजे ईशिन ग्रे दोन्ही बाजूंनी डोकावला पाहिजे. तिसरा ॲडमिनिस्ट्रेटम ग्रे (फिकी राखाडी), फक्त जिथे दोन कडा मिळतात त्या कोपऱ्यांवर टिंब. गुडघा, शिरस्त्राणाचा माथा, खांद्याच्या कडेचा वरचा भाग, बस्स. थंड, निळसर काळा हवा असेल तर डार्क रीपर, थंडरहॉक ब्लू, फेनरिसियन ग्रे हा क्रम. शेजारी काळा झगा असेल तर त्याच्या उजळ छटेत थोडा तपकिरी घालून तो उबदार ठेवा, पत्रा आणि कापड आपोआप वेगळे होतात. काळ्यात पांढरा मिसळत छटा बनवू नका. कार्बन ब्लॅक फार जोरकस पिगमेंट आहे, पांढऱ्याबरोबर ते निळसर, खडूसारखं राखाडी देतं आणि तीच छटा दुसऱ्यांदा बनवता येत नाही.

रेघ बारीक ठेवायला 000 नंबरचा ब्रश लागतो हा समज सोडा. त्याच्या पोटात रंग मावत नाही आणि टोकावर लगेच वाळतो. चांगल्या टोकाचा 0 किंवा 1 नंबर घ्या. रंगाला जवळपास तेवढंच पाणी, ड्रॉपरच्या बाटलीतला, मुळातच पातळ रंग असेल तर थोडं कमी. ब्रश भरून टिश्यूवर एकदा टेकवा, आणि टोकाने न रेघता ब्रशाची बाजू कडेला साधारण 45 अंशांत लावून ओढा. कड स्वतःच रंग उचलते. रेघ तुटक येत असेल तर रंग जाड आहे. पत्र्यावर ओघळत असेल तर टिश्यूवर टेकवायचं राहिलंय.

एवढं करूनही पत्रा करडा वाटला तर वॉर्निश बघा. मॅट वॉर्निश प्रकाश पसरवतं आणि काळ्याला सरळ एक पायरी वर उचलतं. चिलखतावर सॅटिन (अर्धवट चकाकीचं) लावा, मॅट फक्त कापडावर आणि मिनिएचरच्या पायथ्यावर. फोटोंवरून मत बनवलं असेल तर तेही तपासा: काळ्या पार्श्वभूमीवरचं काळं मिनिएचर कॅमेरा आपोआप उजळ करतो. आधीच रंगवून झालेल्या पट्ट्या रुंद असतील तर ब्लॅक टेम्प्लर हा कॉन्ट्रास्ट रंग चौपट कॉन्ट्रास्ट मीडियममध्ये (रंग पातळ करायच्या बिनरंगी द्रवात) पातळ करून पट्टीच्या आतल्या अर्ध्या भागावर फिरवा. पूर्ण वाळू द्या, मग गरज पडली तरच दुसरा हात.

कॉन्ट्रास्ट रंगाची मला एवढीच गरज वाटते. बेस म्हणून तो मोठ्या पत्र्यावर तळी साचवतो. एअरब्रशवर लिहायचं नव्हतं, लिहिलं नाही.

तुमच्या रेघा रुंद होत असतील तर ब्रशाचा नंबर, रंगाचं नाव आणि पाण्याचं प्रमाण लिहून पाठवा, त्याला मी जरूर उत्तर देईन. मी ब्रश धरलाय की नाही या प्रश्नाला पुन्हा देणार नाही.