खुलासा : टॅलेंट सर्च म्हणजे विद्यापीठात प्रवेश नव्हे

‘सातवीत टॅलेंट सर्च पास झालं की जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जागा पक्की’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. तसं काही नाही. टॅलेंट सर्च म्हणजे अमेरिकेतल्या या विद्यापीठाची, हुशार शाळकरी मुलं हुडकण्यासाठीची परीक्षा.

मुळात या परीक्षेत पास-नापास हा प्रकारच नसतो. कल्पना मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांची. १९७२ साली त्यांनी त्या विद्यापीठात पहिला टॅलेंट सर्च घेतला. वर्गातल्या पेपरात दोघांना शंभरपैकी शंभर पडले, तर दोघांतला फरक कळणार कसा? म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलांना थेट अकरावी-बारावीवाल्यांची एसएटी (अमेरिकेतली कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) द्यायला लावली. तिथे गणितात समजा एकाला ८०० पैकी ३८० पडले, दुसऱ्याला ६१०. आता दिसला फरक! (आणि ३८० बघून पोरावर डाफरू नका, पेपर त्याच्या वयाचा नाहीच.)

चांगल्या गुणांवर मिळते ती फक्त उन्हाळी वर्गांसारख्या जादा वर्गांसाठीची पात्रता. उन्हाळी निवासी वर्गांत साधारण तीन आठवडे एकच विषय खोलात शिकवतात. फी वेगळी भरायची, आणि ती चांगलीच भारी असते. आर्थिक मदत हवी तर त्याचा अर्ज निराळा. पुढे पदवीला प्रवेश हवा असेल, तर इतरांसारखंच रांगेत उभं राहायचं.