एकच शेडर किती वेळा लिहायचा?

अरे साधा शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम) आहे, टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र) वाचायचं आणि रंग द्यायचा, बास, त्याच्या चार-चार कॉप्या का सांभाळायच्या? ओपनजीएल (ग्राफिक्स काढायचा इंटरफेस) २.० ला जीएलएसएल (त्याची शेडर लिहायची भाषा) १.१०, २.१ ला १.२०, ३.० ला १.३०, ३.२ ला १.५० आणि मग ३.३ ला एकदम ३.३०! हे आकडे पहिल्यापासून जुळवायला काय हरकत होती? ईएसचं, म्हणजे मोबाइलवरच्या ओपनजीएलचं, तर वेगळंच, २.० ला १००, ३.० ला ३००, आणि त्यापुढे 'ईएस' लिहायचं राहिलं की कंपाइलच होत नाही.

शेडरमध्ये डेटा आत-बाहेर नेणारे अॅट्रिब्यूट आणि व्हेरिंग हे शब्द गेले, इन-आउट आले, शेवटचा रंग ज्यात लिहायचा तो जीएल_फ्रॅगकलर कोअर प्रोफाइलमधून (जुन्या गोष्टी काढून टाकलेल्या ओपनजीएलमधून) उडवला, ठीक आहे, पण डोकं खरं फिरतं ते डेस्कटॉप आणि ईएसच्या वेगवेगळ्या नियमांमुळे. फ्लोटच्या (दशांश संख्येच्या) गुणाकारात २.० ऐवजी नुसता २ लिहिला तर डेस्कटॉपवर जीएलएसएल १.२० पासून निमूट चालतं, तोच कोड मोबाइलवर टाकला की एरर, कारण ईएसमध्ये इंटचा (पूर्णांकाचा) फ्लोट आपोआप होत नाही, आणि वर फ्रॅगमेंट शेडरमध्ये (पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या शेडरमध्ये) फ्लोटचं प्रिसिजन (अचूकता किती ठेवायची ते) का नाही दिलं म्हणून दुसरी एरर. चूक आहे तर सगळीकडे चूक म्हणा ना!

मॅकवर ओपनजीएल ४.१ च्या पुढे सरकलंच नाही, २०१८ पासून तर डेप्रिकेटेडच, म्हणजे ४.३ मधले कम्प्यूट शेडर (चित्र न काढता नुसती गणितं करणारे) विसरा. मग लोक म्हणतात वल्कन (ओपनजीएलनंतरचा नवा ग्राफिक्स इंटरफेस) घे. घेतो की, पण तिथे वाय अक्ष उलटा, डेप्थ (खोली) उणे १ ते १ ऐवजी ० ते १, म्हणजे प्रोजेक्शन मॅट्रिक्सही (३डी दृश्य पडद्यावर बसवणारं गणित) परत बसून लिहा!