पाच नंबर म्हणजे किती, ते आधी सांगा!

अल्टो सॅक्सवर वरचे सूर अडतात असं चुकून बोललात की संपलं. समोर सॅक्सवाला असो, की-बोर्डवाला असो नाहीतर साऊंडच्या वायरी गुंडाळणारा पोरगा असो, उत्तर ठरलेलं: "माऊथपीस बदल ना!" माऊथपीस म्हणजे तोंडात धरायचा पोकळ तुकडा; त्याला रीड, म्हणजे वेताची पातळ पट्टी, कसायची आणि दोघांमधल्या फटीतून फुंकायचं. बरं बाबा, बदलतो. कुठला घेऊ? इथे मात्र प्रत्येकाची तोंडं वेगळ्या दिशेला. एक म्हणतो ओपन, म्हणजे मोठ्या फटीचा घे, भरपूर हवा जाते. दुसरा म्हणतो छे, क्लोज, म्हणजे लहान फटीचा घे, दम कमी लागतो. तिसरा डोळा मिचकावून सांगतो, "मेटलचा घे, डायरेक्ट तार सप्तक!" अरे, त्या पितळेला काय कंपनीतूनच सूर चिकटवून देतात का?

बरं, ही हौस नाही. ठाण्यात ऑर्केस्ट्रात वाजवायचं तर हे भोगच आहेत. घाणेकर नाट्यगृहात कार्यक्रम असतो, पहिल्या चार रांगांत हिंदी सिनेगाण्यांत सॅक्स वाजवणाऱ्या मनोहारी सिंगांचे तुकडे तोंडपाठ असलेले काका-काकू बसलेले असतात आणि गायकमहाशय ऐनवेळी विंगेत येऊन सांगतात, "आज गळा मस्त लागलाय, स्केल एक सूर वर घेऊ." तुझा लागलाय रे, माझा आवळलाय! आता डाव्या तळहाताच्या चाव्यांवरचे वरचे डी, ई-फ्लॅट, एफ आले. तिथे एक तर किंचाळी निघते, नाहीतर सूर धप्पकन खालच्या सप्तकात पडतो. आणि तोंड लाल झालेला मी लाईटमध्ये.

मेटल-मेटल करणाऱ्यांनी एकदा पीस उलटा धरून आत डोकवावं. बाहेरून सोन्याचं पाणी असो की काळं एबोनाइट, म्हणजे कडक रबर, खरा खेळ आत आहे. टोकाच्या मागे जो उतार असतो त्याला बॅफल म्हणतात. तो उंच असला की वाट अरुंद होते, हवा जोरात सुटते, आवाज झणझणीत होतो आणि वरचे सूर पटकन धरतात. पण त्याची किंमत मोजावी लागते. हळुवार गाण्यात तोच आवाज कानात टोचतो आणि खालचा बी-फ्लॅट फुटतो. आतली पोकळी, म्हणजे चेंबर, फारच लहान असेल तर वरचे सूर चढे लागतात आणि सप्तकं आपापसात जुळेनाशी होतात. टोक आणि रीड यांच्यातली फट मोठी घेतली आणि रीड मऊ लावली, तर वर जाताना ओठ आवळले की फटच मिटते. सूर मेला! मग कडक रीड लावा, तर दुसऱ्या गाण्यापर्यंत ओठ बधिर. यातलं एक वाक्य तरी विकणारा सांगतो का? नाव नको. त्याचं आपलं एकच, "हा घ्या साहेब, हाय नोटला बेस्ट आहे."

आणि ते नंबर! त्या नंबरांनी तर माझं डोकं फिरलंय. यामाहाच्या 4C मध्ये आकडा फटीचा आणि C हे अक्षर फेसिंगच्या, म्हणजे रीडपासून दूर वळत जाणाऱ्या बाकाच्या लांबीचं. सेल्मरच्या C* मध्ये C म्हणजे खुद्द फटच. मायरच्या 5M मध्ये ५ ही फट आणि M म्हणजे मध्यम चेंबर. तीन कंपन्या, तीन अक्षरं, तिघांचे अर्थ तीन! अल्टोचा 4C सुमारे १.६० मिलिमीटर, C* सुमारे १.७०, मायरचा पाच सुमारे १.८०. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फरक झेरॉक्सच्या दोन कागदांच्या जाडीएवढा, आणि तेवढ्यावर तुमचा एफ लागणार की नाही ते ठरतं. अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं. एवढ्या वर्षांत या लोकांना खोक्यावर मिलिमीटर छापायचं एकमताने ठरवता येऊ नये? रीडचंही तेच. एका कंपनीची अडीच दुसऱ्या कंपनीच्या तीनला भारी पडते.

मग वाटतं, जाऊ दे, वाजवून बघून घेऊ. कुठे वाजवणार? गोखले रोडवर दोनशेची चप्पल घेताना चार जोड घालून दुकानात फेऱ्या मारता येतात, कुणी हूं की चूं करत नाही. इथे काही हजारांचा पीस, आणि काऊंटरवरचा मुलगा पाकिटावर बोट ठेवून म्हणतो, "दादा, सील फोडलं की घ्यावाच लागेल." मी म्हटलं, माझी रीड, ती आवळायचं माझं लिगेचर, मी पुसून देतो. तर म्हणे, "तोंडाला लावायची वस्तू आहे ना." अरे, तोंडाला लावायची आहे म्हणूनच तर लावून बघायचीय! काचेत एक उघडा दिसला, तो मागितला. हातात घेतला तर काळा कुठला, शेवाळी हिरवट झालेला. ऊन लागून एबोनाइट असं होतं, जिभेला गंधकाची घाण चव येते. किती वर्षं तिथे उन्हात बसला असेल देव जाणे. आणि किंमत? नव्याची! "डिस्प्ले पीस आहे ना, म्हणून तसा दिसतो." वा रे डिस्प्ले.

ऑनलाइनची तऱ्हा आणखी निराळी. फोटोत मोठ्या कंपनीचा शिक्का, किंमत चौथा हिस्सा. घरी आल्यावर टीपॉयच्या काचेवर रीड बसते ती बाजू टेकवली, तर पीस डुगडुगतोय. ती बाजू सपाट नसेल तर रीड बसणार कशी? साधी परीक्षा आहे. ओली रीड कसायची, मागचं भोक तळव्याने दाबायचं आणि हवा ओढून घ्यायची. रीड क्षणभर चिकटून राहून मग टप्प करून सुटली पाहिजे. इथे चिकटतच नव्हती, हवा बाजूने फुसफुसत होती. परत पाठवायला गेलो तर "स्वच्छतेच्या कारणास्तव परतावा नाही." विकताना तुमची स्वच्छता कुठे गेली होती?

सगळ्यात चीड येते ती याची, की वरचे सूर अडण्याची निम्मी कारणं स्वस्त असतात आणि ती सांगण्यात कुणालाच रस नाही. नेकवरचं, म्हणजे सॅक्सच्या वाकड्या मानेवरचं, वरचं सप्तक काढणारं ऑक्टेव्हचं बारीक छिद्र मळाने बुजलेलं असतं. तळहाताच्या चाव्यांचे पॅड, म्हणजे छिद्रं झाकणाऱ्या गाद्या, हवा सोडत असतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर पॅड फुगतात, चिकटतात, आणि जुलैत सॅक्स उघडावा तर पेटीतूनच ओला वास. आत दिवा सोडून गळती शोधणारा कारागीर गाठायला ठाण्याहून थेट मुंबई गाठा. तो पाच मिनिटांत सांगतो, "पॅड बदला, पीस ठीक आहे." पण पॅडच्या पैशांत दुकानाचं काय भागणार! त्यापेक्षा पन्नास हजारांच्या चकचकीत नळकांड्याचा व्हिडिओ दाखवलेला बरा. त्यात वाजवणारा माणूस वीस-पंचवीस वर्षं रोज रियाज करणारा असतो, हे मात्र व्हिडिओत कुठेच लिहिलेलं नसतं. त्याच्या हातात दहीहंडीतली पिपाणी दिली तरी तो एफ लावेल.

दुकानदारांनो, फार काही मागत नाही. पाटीवर फट मिलिमीटरमध्ये लिहा, चेंबर लहान की मोठं ते लिहा. चार पीस उघडे ठेवा, जंतुनाशक स्प्रे ठेवा, मागच्या खोलीत दहा मिनिटं फुंकू द्या. हवं तर त्याचे पैसे घ्या, मी देतो. आणि तो हिरवा पडलेला पीस आधी काचेतून उचला.