दुःख काढून घेतलं तर बिघडलं कुठे?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लोइस लॉरी यांच्या 'द गिव्हर' या कादंबरीवरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की जिथे युद्ध नाही, भूक नाही, त्या गावाला मी तुरुंग ठरवते आणि दुःखाचं उगाच कौतुक करते. भाऊ गेला त्या वर्षाची आठवण कुणी काढून नेणार असेल तर आत्ता देऊन टाकाल, असंही तुम्ही लिहिलंय. त्यावर मी वाद घालणार नाही. तो अधिकार मला नाही.

पण त्या गावात भूक नाही ती कशामुळे? एकदा तिथल्या लोकांनी जन्मदर वाढवायची मागणी केली होती, कामाला जास्त हात मिळावेत म्हणून. वडीलधाऱ्यांच्या समितीने सगळ्या गावाच्या आठवणी एकट्याने सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सल्ला विचारला. त्याने नको म्हणून सांगितलं, कारण उपासमार काय असते हे अख्ख्या गावात त्याला एकट्याला ठाऊक होतं. सगळ्यांच्या वाटचं दुःख एकाच्या पाठीवर टाकलंय तिथे. त्याच्याकडून आठवणी घ्यायला आधी निवडलेल्या रोझमेरीला ते पेललं नाही. पाच आठवड्यांत तिने मरण मागून घेतलं.

आणि जोनासचा, म्हणजे रोझमेरीनंतर आठवणी घ्यायला निवडलेल्या मुलाचा, बाप आठवा. माणूस प्रेमळ आहे. अशक्त तान्ह्या गेब्रिएलला रात्री घरी आणतो, त्याच्याशी लाडे लाडे बोलतो. तोच बाप जुळ्यांचं वजन करतो, हलक्या बाळाच्या कपाळावरच्या शिरेत सुई घालतो, आणि तेव्हाही आवाज तसाच लाडिक. दुखतंय ना रे, म्हणून समजूत काढतो. बाळ निपचित पडल्यावर खोक्यात घालून खाली सोडून देतो आणि टाटा म्हणतो. तो दुष्ट असता तर मला एवढा त्रास झाला नसता. मरण म्हणजे काय याची एकही आठवण त्याच्याजवळ नाही, म्हणून आपण काय करतोय हे त्याला कळायला मार्गच नाही. माझ्या सगळ्या लेखाचं मूळ या एका प्रसंगात आहे, आणि तिथे मी तो दोन ओळींत उरकला. ती चूक माझी.

लॉरींचा स्वतःचा अनुभवही तुमच्या मुद्द्याजवळचा आहे. १९९४ साली या पुस्तकासाठी न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा पुरस्कार, स्वीकारताना त्यांनी तो सांगितला होता. म्हातारपणी वडिलांची स्मृती गेली होती. तरुणपणीच वारलेल्या मुलीचं चित्र पाहून ते म्हणत, हिचं काय झालं ते आठवत नाही. लॉरींना वाटलं, असं विसरणं सुखाचं आहे. पण ते सुरक्षित आहे का? हे पुस्तक ज्या गोष्टींतून उगवलं, त्यांतली ही एक.

एका बाबतीत मात्र तुमचं म्हणणं मला पटलं. जोनासने गावाला 'मुक्त केलं' असं मी लिहिलं होतं. तो गाव सोडून गेला की त्याच्याजवळच्या सगळ्या आठवणी लोकांवर कोसळणार होत्या, आणि त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. मरण पहिल्यांदा कळेल त्या दिवशी जोनासच्या बापाचं काय होईल? म्हातारा मागे थांबला तो त्या लोकांना सावरायला. मी त्याच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. 'मुक्त केलं' हे शब्द आज लेखातून काढले आहेत, आणि त्या मागे थांबण्यावर वेगळं लिहीन म्हणते. तुम्ही वाचाल ना?