पर्वा होती की!

आज विजय दिवस. शाळेत 71 च्या युद्धात लढलेल्या नानांचा सत्कार होता, सोबत मी गेले होते. आत्ताच घरी आलेय, डोकं अजून तडतडतंय.

सूत्रसंचालकाने माईक हातात घेतल्या घेतल्या सुरू केलं, "ज्यांना मरणाचं भय कधी शिवलंच नाही असे आपले..." पुढचं माझ्या कानात शिरलंच नाही. मी नानांकडे बघत होते. ते मान खाली घालून काठीच्या मुठीवर अंगठा घासत बसले होते. त्यात त्या गृहस्थाने त्यांना महावीर चक्र देऊन टाकलं. नाना उठून म्हणाले, "नाही हो, माझं सेना मेडल आहे." तर हा म्हणतो, "बघा, केवढी ही विनम्रता!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अहो, विनम्रता कसली? माणूस खरं तेच सांगतोय! दुसऱ्याच्या वाटणीचं पदक आपल्या छातीवर लावलेलं फौजी माणसाला चालेल का? एक फोन करून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण चुकीच्या पदकापेक्षा मला ते 'भय शिवलंच नाही' जास्त लागलं.

मी कॉलेजात असताना नानांनी एकदा ट्रंकेतून सायटेशनचा, म्हणजे पदक कशासाठी दिलं ते सांगणारा, कागद काढला. इंग्रजीत होता. म्हणाले, मराठीत सांग काय लिहिलंय ते. मी 'स्वतःच्या जिवाची पर्वा न करता' इथपर्यंत आले आणि त्यांनी हात वर करून थांबवलं. "हे कुणी लिहिलं? पर्वा होती की! पर्वा नसती तर उभा राहून पळत गेलो असतो. पोटावर सरपटत कशाला गेलो असतो?"

मग पहिल्यांदा त्यांनी सगळं सांगितलं. 71 चा डिसेंबर, पूर्वेकडची आघाडी, रात्रीची वेळ. समोर बंकरमध्ये मशीनगन आणि मध्ये कापणी झालेलं भातशेत. आडोसा म्हणून काही नाही. भाताची धसकटं पोटाला, कोपरांना टोचत होती. तोंडात माती गेली होती, पण गन थांबली की थुंकायचीही भीती, आवाज होईल म्हणून. थोरलं पोर तेव्हा पाळण्यात होतं. "दर हातभर पुढं सरकलो की वाटायचं, बस झालं, इथंच पडून राहावं." तरी ग्रेनेड पोचेल एवढ्या अंतरापर्यंत ते गेले.

आता मला सांगा, ज्याला भीतीच वाटत नाही त्याने पुढे जाण्यात कसलं आलंय शौर्य? त्याला काही मोजावंच लागत नाही. नानांनी त्या शेतात हातभर हातभर किंमत मोजली, आणि तुम्ही एका वाक्यात ती पुसून टाकता!

ही काही नानांपुरती गोष्ट नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे घ्या. दुसरं महायुद्ध, 10 जुलै 1944, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या सेक्शनमध्ये, म्हणजे छोट्या तुकडीत, ते एकटे धड उरले. तसेच गनवर धावून गेले. आधी ग्रेनेड, मग टॉमी गन. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने हाणलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं, आणि त्या सायटेशनमध्ये स्पष्ट म्हटलंय की वाचण्याची आशा फार थोडी आहे हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं! जे नानांच्या कागदात यायला हवं होतं, ते तिथे आलंय.

आणि रामा राघोबा राणे. लष्कराच्या बॉम्बे इंजिनिअर्सचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल 1948, जम्मू-काश्मीरमधला नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता. 8 तारखेला सुरुंग काढण्याचं काम सुरू होतानाच शत्रूच्या तोफगोळ्यांनी त्यांची दोन माणसं गेली, पाच जखमी झाली, त्या पाचांत ते स्वतः. तरी उरलेल्यांना गोळा करून ते पुन्हा कामाला लागले, आणि रणगाड्यांना वाट मिळावी म्हणून पुढचे दिवस सुरुंग काढत, रस्त्यात आडवी टाकलेली झाडं हटवत राहिले. 12 तारखेला राजौरी हाती आली. परमवीर चक्र आहे हे. जिवाची पर्वा नसलेल्या माणसाचा हात सुरुंगावर इतका जपून चालेल का?

ठीक आहे, समोर शाळेची पोरं आहेत, थोडा जोश भरावा लागतो, हे मला कळतं. सूत्रसंचालकाच्या मनात वाईट काही नव्हतं, तेही मान्य. पण ह्याच पोरांतली काही उद्या भरतीला जातील. पहिल्या गोळीला पोटात गोळा आला की त्यांना वाटणार, आपल्यातच काहीतरी कमी आहे. हे पाप कुणाच्या माथी?

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कार्यक्रम संपल्यावर पाचवी-सहावीतला एक मुलगा नानांजवळ आला आणि हळूच विचारलं, "आजोबा, तुम्हाला भीती वाटली होती का?" मघापासून गप्प बसलेला माणूस एकदम खुलला. "लई वाटली रे," म्हणाले आणि त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं. भातशेतापर्यंत गोष्ट आली होती, तेवढ्यात फोटोसाठी बोलावणं आलं. पाहुण्यांना घाई होती म्हणे. मुलगा बिचारा उठून गेला. हे लिहिताना पुन्हा गलबलून येतंय.

मुख्याध्यापक बाईंशी निघतानाच बोलले. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं. जानेवारीत एका शनिवारी नानांना घेऊन परत जायचं ठरलंय. हार नाही, मानपत्र नाही, माईकसुद्धा नको. एक वर्ग, खाली सतरंजी, आणि पोरांना काय विचारायचं ते विचारू दे. तो मुलगा कोणत्या तुकडीत आहे, तेवढं बाईंनी शोधून ठेवते म्हणून सांगितलंय.