खारा वारा, कूलर आणि ‘कंजुषी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (वय तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते.)

वलसाडजवळ तिथल गावी समुद्रकाठी आमचं भाड्याने द्यायचं घर आहे; त्या घरात कोणती यंत्रं ठेवली आणि कोणती मुद्दाम टाळली, त्यावर मी लिहिलं होतं. तुमची प्रतिक्रिया चांगलीच झोंबणारी आहे. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते: भाडं हॉटेलाचं आणि सोयी धर्मशाळेच्या, मायक्रोवेव्ह नाही, फुल ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन नाही, बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखेसुद्धा नाहीत, म्हणजे ही कंजुषी आहे आणि मी तिला शहाणपणाचं लेबल लावलंय. वर बडोद्याच्या अलकापुरीत तुमचा एसी पंधरा वर्षं बिनतक्रार चालतोय, आणि एसीची इतकीच कटकट असेल तर कूलर लावा, निम्मं बडोदं कूलरवरच उन्हाळा काढतं की!

कूलरचं आधी उरकते. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा हवा कोरडी ठणठणीत असते. पॅडवरचं पाणी भराभर वाळतं, वाळताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून गार वाटतं. तिथलला हवा आधीच पाण्याने भरलेली. तिथे पाणी वाळणार कुठे? तेहतीस अंशांची हवा फार तर तीन-चार अंशांनी उतरेल, आणि खोलीत बसलेला माणूस घामाने चिकट होईल. उशाही ओल्या.

आता तुमचा अलकापुरीचा एसी. तो टिकला यात नवल नाही, त्याला मीठ लागलेलं नाही. लाट फुटते तेव्हा उडणारे बारीक थेंब वाऱ्याबरोबर आत येतात, आणि किनाऱ्यापासूनच्या पहिल्या काहीशे मीटरांत सगळ्यात जास्त बसतात. पत्र्यावर, तारांवर, एसीच्या जाळीवर मिठाचा थर जमतो. खरी भानगड पुढे आहे. आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत गोळे होतात ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते त्याच्याही कितीतरी आधी ओलं होतं. म्हणजे पाऊस नसला तरी धातूवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर रात्रभर असतोच.

एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये तांब्याची नळी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मधे खारं पाणी, की ॲल्युमिनियम झिजतं. आम्ही हे घर घेतलं तेव्हा जुन्या मालकाचं युनिट समुद्राकडच्या भिंतीवर होतं. मी नुसतं बोट लावलं तर पट्ट्यांचा पांढरा भुगा हाताला आला, विभूती लागावी तसा. मेकॅनिक म्हणाला, ‘बेन, आमां गॅस भरवानो कोई मतलब नथी.’ (यात गॅस भरण्यात काही अर्थ नाही.) नवीन युनिट घराच्या मागच्या बाजूला लावलं, पट्ट्यांवर कोटिंग असलेलं घेतलं, आणि घर सांभाळणाऱ्या बाई मेन स्विच बंद करून दर पंधरवड्याला त्याच्यावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडतात. काका, या सगळ्याला पैसे लागतात. कंजूष माणूस हे करत नाही.

पंख्यांचं तुमचं गणित बरोबर आहे. साधा पंखा पंचाहत्तर वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी तीसच्या. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे अर्धा युनिट वाचतो. आमच्या बडोद्याच्या घरी सगळे तेच आहेत. पण त्याच्या आत सर्किट असतं, आणि खाऱ्या दमट हवेत आधी जातं ते सर्किटच. रात्री दहाला पाहुण्यांचा फोन येतो, मी इथे बडोद्यात दांडिया बाजारात, मधे जवळजवळ दोनशे किलोमीटर. साध्या पंख्याचा मंदावण्याचा रोग बहुतेक वेळा एकच, कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटर). अडीच मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर तिथल्या ड्रॉवरमध्ये पडलेले असतात. वलसाडचा कुठलाही वायरमन येऊन दहा मिनिटांत बदलतो.

मायक्रोवेव्हचंही तेच. आतला रंग एकदा उडाला की तिथे गंज धरतो आणि ठिणग्या पडतात. शिवाय प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार साठून राहू शकतो, त्यामुळे कोपऱ्यावरच्या माणसाला तो उघडायला सांगणं मला मान्य नाही. इंडक्शन आहे, त्यावर चालतील अशी भांडी आहेत, मिक्सर आहे. पोळ्यांसाठी गॅसही आहे.

वॉशिंग मशीन अजिबात नाही असं मी लिहिलं नव्हतं. मागच्या पडवीत सेमी ऑटोमॅटिक आहे. प्लास्टिकची बॉडी, चावीचा टायमर. समुद्रावरून आलेल्या कपड्यांच्या शिवणींत मूठभर रेती असते आणि पाहुणे ती झटकत नाहीत (आपणही झटकत नाही). तिथलची रेती काळी, बेसॉल्ट खडकाची. तिच्यातले काही कण चक्क लोहचुंबकाला चिकटतात. फ्रिजच्या दाराच्या रबरात चुंबकाची पट्टी असते ना, तिच्यावर काळ्या मिशा फुटल्यासारखे ते दिसतात, आणि पुसले नाहीत तर दार नीट बसत नाही. ते जर फुल ऑटोमॅटिक मशीनच्या पंपात आणि बेअरिंगमध्ये गेले तर काय होईल, तुम्हीच सांगा.

राहिलं भाडं. सोमवारच्या दराने रविवारचं जेवण मागू नका एवढंच म्हणेन. दिवाळीतला दर तुम्ही बघितलात, तो वर्षभर नसतो.

नारगोळला, म्हणजे वलसाड जिल्ह्यातच किनाऱ्यावर, जागा बघताय, भाड्याने द्यायचा विचार आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलंत. मग एसी-फ्रिजच्या दुकानात जायच्या आधी वायरमनला घेऊन जा आणि अर्थिंग तपासून घ्या. किनाऱ्यावर जमिनीतला अर्थिंगचा पाइप आणि त्याचा नटबोल्ट गंजून जातो, वरून काही कळत नाही. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा, गिझरची लाइन तिच्यातूनच घ्या, आणि तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायला कुणाला तरी सांगून ठेवा. मायक्रोवेव्ह त्यानंतर हवा तर खुशाल घ्या.